विसाव्याचं साल

दोरवालीनं ते पान चौथ्यांदा वाचलं. चौथ्यांदाही त्यावर तेच लिहिलेलं होतं.

‘ओढ्यापलीकडची सर्व जमीन पडीक होती. तिच्यावर कोणाचाही हक्क नव्हता. ग्रामस्थ तिकडे फिरकतही नसत.’

तिचं वाचन हळू होतं. साठी उलटल्यावर सुनेनं तिला अक्षरं शिकवली, तीही औषधाच्या कारखान्यातून आणलेल्या रिकाम्या खोक्यांच्या पाठीवर. आजही ती वाचायला बसली की बोट पुढं जायचं, डोळे त्याच्या मागून, आणि अर्थ सगळ्यात शेवटी रमतगमत यायचा. पण ‘पडीक’ वाचताना अर्थ बोटाच्या आधी पोचला होता. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि चार वेळा वाचूनही ती उतरायला तयार नव्हती.

“झालं का आजी वाचून?” टेबलापलीकडून इतिहासवाल्यानं विचारलं.

“माझं झालं. आता तू वाच. मोठ्यानं.”

त्यानं वाचलं. त्याचा आवाज चांगला होता, बातम्या सांगणाऱ्यासारखा.

“छान वाचतोस,” ती म्हणाली. “खोटं इतक्या गोड गळ्यानं वाचता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.”

इतिहासवाला हसला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. पस्तिशीचा, नीटनेटका, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस होता तो. जुन्या विमानतळाच्या जागेवर आता एक कंपनी घरं बांधत होती. विमानतळाच्याही आधी तिथं एक गाव शेती करत होतं, हे कंपनीच्या कानावर आलं, आणि फाटकाजवळ त्या गावाच्या आठवणीचं एक दालन असावं असं साहेबांच्या मनात आलं. दालन सजवायला आणि गावाचा इतिहास लिहायला याला नेमलं होतं. उद्या सकाळी उद्घाटन. भिंतींचा रंग अजून ओला होता. एक कामगार शिडीवर चढून दिव्याची तार ओढत होता. काचेच्या पेट्यांत कोयता, दुधाची किटली, मोडका नांगर मांडलेला. एक पेटी रिकामी होती. तिच्यावर पट्टी मात्र आधीच चिकटवलेली: ‘गुरे बांधण्याचा दोर.’

तो दोर दोरवालीच्या मांडीवर होता. जुन्या चादरीत गुंडाळलेला, चाळीस हात लांब, तेल पिऊन पिऊन काळा पडलेला.

“गुरं?” तिनं पट्टीकडे बोट केलं. “याला गुराची शेपटीसुद्धा कधी लागलेली नाही.”

“मग कशाचा म्हणू? तुम्ही फोनवर म्हणालात, जमीन मोजायचा. पण आजी, मोजायच्या दोराला गाठी असतात ना? याला एकही नाही.”

“नसणारच,” ती म्हणाली. “कारण विसाव्याचं साल अजून संपलेलं नाही.”

इतिहासवाल्यानं पेन उचललं.

गाव पंधरा घरांचं होतं. ओढ्याच्या अलीकडे घरं, गोठे, भाजीचे वाफे. पलीकडे सगळी मोठी जमीन, गव्हाची आणि बटाट्याची. ती सहा वर्षं पिकवायची आणि सातव्या वर्षी झोपवायची, अशी रीत; ते विसाव्याचं साल. झोपवायची म्हणजे पुरती झोपवायची. प्रत्येकानं आपले बांध आपल्याच हातानं मोडायचे. नांगर नाही, कुदळ नाही, जनावर नाही, माणसाचं पाऊलही नाही. त्या वर्षापुरती ती कुणाची नसायची. माझी ही, तुझी ती, असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक जेवायला जात नसत. साल संपलं की गावाचा दोर निघायचा. तोवर त्याच्या सगळ्या गाठी सोडून ठेवलेल्या असायच्या. मग नव्या गाठी मारायच्या. ओल्या काळ्या मातीकडच्या टोकाला जवळजवळ, खडकाळ टोकाला लांबलांब, म्हणजे वाईट जमीन ज्याच्या वाट्याला येईल त्याला ती जास्त मिळावी. आणि चिठ्ठ्या टाकून नवे वाटे पाडायचे. 

दोराचं एक टोक दोरवाल्या घरानं धरायचं. दुसरं टोक, ज्या घराचं या घराशी वाकडं असेल त्यानं. मित्रानं धरलेला दोर सैल पडतो, असा गावाचा अनुभव होता. भांडणारा माणूस बोटभरही सोडत नाही.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी मोजणीवाला आला, तो नेमका विसाव्याच्या सालात. दोरवाली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. सासरा अंथरुणाला खिळलेला, नवऱ्याच्या पाठीला बाक आलेला, म्हणून दोर तिच्या हातात आलेला आणि तिला त्याचा कोण तोरा! मोजणीवाला बूट घालून झोपलेल्या जमिनीतून फिरला. गाव ओढ्याच्या काठावर उभं राहून बघत राहिलं. आत जाऊन त्याला हाताला धरून बाहेर काढावं, तर आपलंही पाऊल पडणार. म्हणून कुणी गेलं नाही. परत आल्यावर त्यानं विचारलं, “ही जमीन कुणाची?”

आणि दोरवालीनं मान ताठ करून, सगळ्यांच्या आधी सांगितलं, “कुणाचीच नाही.”

ती खरं बोलत होती. त्या साली ती कुणाचीच नव्हती. मोजणीवाल्यानं पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. त्यानं तो विचारला नाही. त्यानं कागद पुढं केला. गावात वाचता येणारं कुणी नव्हतं. पंधरा घरं, पंधरा अंगठे, पहिला तिचा. मोजणीवाला पाहुणा माणूस, त्याला ताक प्यायला दिलं. ताक! आजही ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटे.

तीन महिन्यांनी दुसरा कागद आला. जमीन पडीक असल्यामुळे विमानतळाला घेतली आहे. गाव म्हणालं, मग आम्हाला दुसरीकडे जमीन द्या. कागद म्हणाला, ज्यांची जमीन नव्हतीच त्यांना जमिनीच्या बदली जमीन कशी देणार? ओढ्याअलीकडची घरंही विमानतळात गेली; त्यांच्या बदली राहायला खोल्या मिळाल्या, शहराच्या कडेला, दोन ओळींत. शेतकऱ्यांचे हमाल झाले, पहारेकरी झाले, धुणीभांडी करणाऱ्या झाल्या. झोपलेल्या जमिनीला कुणी उठवलं नाही. झोपेतच तिच्या तोंडावर सिमेंट ओतलं. विमानं उतरली सहा वर्षं. मग तीही यायची बंद झाली, सिमेंटला भेगा पडल्या आणि भेगांतून काटे उगवले.

“म्हणजे पडीक ती तेव्हा झाली,” दोरवाली म्हणाली. “आम्ही नाही केली. तुझ्या पुस्तकात हे कुठंय?”

इतिहासवाल्यानं फायली चाळल्या. मग त्यानं एक झेरॉक्स तिच्यापुढं सरकवली. मोजणीचा कागद. खाली पंधरा काळे ठिपके. तिनं पहिल्या ठिपक्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. अंगठा आता रुंद झाला होता.

“आजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे,” तो म्हणाला. “पण मला कागद लागतो. असं करू का? पानाच्या तळाशी एक चौकट टाकतो. ‘काही वृद्ध रहिवाशांच्या आठवणीनुसार...’”

“आमची ती आठवण, आणि मोजणीवाल्याचा तो इतिहास?”

“तसं नाही...”

“तसंच आहे. तो एक दुपार आला होता रे बाबा. ताक पिऊन गेला. आम्ही तिथं सहा पिढ्या घाम गाळला. तू जन्मला नव्हतास तेव्हा मी त्या मातीच्या वासावरून सांगायचे, कुठं बटाटा लागेल आणि कुठं सडेल. आणि पानाच्या तळाशी मी?”

त्यानं मान खाली घातली. मग चाचरत एक फॉर्म पुढं केला. दोर पेटीत ठेवायला, तिचा फोटो पुस्तकावर छापायला तिची सही हवी होती. दोरवालीनं चष्मा पुसला, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली. एकेक अक्षर मोठ्यानं. शिडीवरचा कामगार तार सोडून ऐकू लागला. इतिहासवाल्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

“‘पु-स्त-का-ती-ल मजकूर मी वाचला असून तो मला मान्य आहे.’” तिनं वर पाहिलं. “यासाठी शिकले बघ मी अक्षरं. सून विचारायची, सासूबाई, आता या वयात कशाला डोळे फोडून घेता? याच्यासाठी. एकदा न वाचता अंगठा दिला, तर गाव गेलं.”

“आजी, पुस्तक छापून झालंय. उद्या वाटायचंय.”

“मग मला कशाला विचारतोस?”

तिनं दोर चादरीत गुंडाळला. इतिहासवाल्यानं साहेबांना फोन लावला. पलीकडचं तिला ऐकू येत नव्हतं. अलीकडचं पुरेसं होतं. “नाही सर, सही देत नाहीत... तो वाक्याचा प्रश्न आहे सर... हो सर... बाजारातून?... हो, दोरासारखाच दोर सर. फितीऐवजी? बरं सर.” फोन ठेवल्यावर तो तिच्याकडे बघेना.

जाताना दारात तिला उद्याची निमंत्रणपत्रिका दिसली. प्रमुख पाहुणे म्हणून एका म्हाताऱ्याचा फोटो होता, आणि तो बघून तिच्या कपाळाची शीर उठली. खेकडा!

तरुणपणी बैलानं कमरेत लाथ घातल्यापासून तो तिरपा चालायचा. पण नाव पडलं ते त्यासाठी नाही. एकदा धरलेलं सोडायचा नाही, म्हणून. दोराचं दुसरं टोक त्याच्या घराचं. खोल्यांमध्येही तो तिच्या समोरच्या ओळीत राहायला आला होता. त्रेचाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी सरळ बोलली नव्हती आणि न बोलता एक दिवसही गेला नव्हता.

ती परतली तेव्हा तो उंबऱ्यावर बसून कोटाला ब्रश मारत होता.

“कोट कुणाचा मागून आणलास?” तिनं रस्त्यातूनच विचारलं.

“जावयाचा. तुला बरं दिसत नाही का?”

“दिसतंय की. मढ्याला घालतात तसं.”

“जळतेस,” खेकडा म्हणाला. “त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला खुर्ची देतंय. गाव तुझ्या जिभेनं गेलं, खुर्ची माझ्या नशिबानं आली. जाणार मी.”

हे तो दर वर्षी दोन-चारदा बोलायचा. दर वेळी ते तिला तितकंच लागायचं, कारण रात्रंदिवस तीही स्वतःला हेच म्हणत असे. पण आज ती थांबली.

“माझ्या जिभेनं गेलं, कबूल. आणि तू तेव्हा कुठं होतास? माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होतास. मी गव्हाला बाजरी म्हटलं असतं तर चार लोकांत माझी शोभा केली असतीस. तेव्हा का रे वाचा बसली?”

खेकडा ब्रश मारत राहिला.

“पुस्तकात काय लिहिलंय ठाऊक आहे?” ती पुढं म्हणाली. “जमीन पडीक होती. आपण तिकडे फिरकत नव्हतो. आपण भाबडे होतो आणि गुण्यागोविंदानं राहत होतो.”

आता ब्रश थांबला.

“गुण्यागोविंदानं? कोण?”

“तू आणि मी.”

“असं छापलंय?”

“छापलंय. मी सांगितलं तर म्हणे, कागद हवा. जा, उद्या त्याच्यावर फीत काप.” आणि ती आपल्या खोलीत गेली.

सकाळी ती जाणार नव्हती. सून म्हणाली, “सासूबाई, घरात बसून भांडी आपटण्यापेक्षा तिथं जाऊन आपटा.” म्हणून ती गेली. दोर काखेत घेऊन, सगळ्यांच्या मागं, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसली. पुढं साहेब, त्यांचे पाहुणे, नवीन घरं घेणारी कुटुंबं. प्रत्येक खुर्चीवर एकेक पुस्तक ठेवलेलं.

दालनाच्या दारात फीत नव्हती. आडवा दोर बांधला होता. बाजारातला, पांढराशुभ्र, वीतवीत अंतरावर गाठी मारलेला.

साहेबांनी माईक हातात घेतला. “फितीऐवजी आपण आज गावाचा पारंपरिक दोर कापून भूतकाळाचा दरवाजा उघडणार आहोत!” टाळ्या झाल्या. इतिहासवाल्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो भिंतीकडे बघत होता.

खेकडा तिरपा तिरपा चालत पुढं आला. कुणीतरी त्याच्या हातात कात्री दिली. कॅमेरे सरसावले. त्यानं डाव्या हातानं दोर धरला आणि बोटं त्यावरून फिरवायला लागला. एक गाठ, दुसरी, तिसरी. टोकापर्यंत गेला आणि परत आला.

“गाठी कुणी मारल्या?”

“आमच्या सजावटीच्या माणसांनी,” साहेब कौतुकानं म्हणाले. “मोजून, अगदी सारख्या.”

“सारख्या,” खेकडा म्हणाला. “ओढ्याकडं जेवढी, खडकाकडं पण तेवढीच. असा दोर आमच्याकडं कुणी आणला असता तर त्याला गावाबाहेर काढला असता. हा चोराचा दोर आहे. आणि दोर कापतात होय? अहो, याच्यावर पंधरा घरांची पोटं चालायची. तुमच्या घरी भाकरीचा तवा कापता का?”

लोक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, म्हातारा हसत नाहीये. त्यानं कात्री साहेबांच्या कोटाच्या वरच्या खिशात टाकली, पेन ठेवावं तशी, आणि खुर्च्यांवरून मागं बघत ओरडला, “ए दोरवाले! कुठं तोंड लपवून बसलीस? आण तो दोर!”

ती उठली. रांगेतून वाट काढत ती पुढं आली, चादर सोडली, काळा दोर जमिनीवर पडला. खेकड्यानं एक टोक उचललं आणि पाऊलवाटेसारख्या त्या सिमेंटच्या रस्त्यावरून, मोटारी उभ्या होत्या तिकडे, तिरपा चालत गेला. दोर ताठ झाला.

“ओढा तिकडं होता,” तो म्हणाला. “त्या मोटारींखाली. पहिली गाठ तिथून. पाच हात.”

“सहा.”

“पाच! काळी माती ती. सहा हात घेशील तर माझ्या वाट्याला काय, खडे?”

“तुझा आजोबा पाच म्हणायचा आणि मोजताना हात लांब करायचा. दोर ताण.”

“ताणलाय.”

“कुठं ताणलाय? झोका घेतोय पोरासारखा.”

साहेब इतिहासवाल्याच्या कानाशी लागले. इतिहासवाला म्हणाला, “थांबा सर, प्लीज,” आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज गोड नव्हता. मोटारीवाल्यांनी हॉर्न वाजवला. दोघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही. बराच वाद होऊन साडेपाच हातांवर ठरलं, आणि दोरवालीनं त्याच्याकडच्या टोकाशी येऊन, खाली बसून त्रेचाळीस वर्षांनी दोराला पहिली गाठ मारली. बोटांना ती सापडेना. खेकडा टोक न सोडता म्हणाला, “डावीकडून घे, डावीकडून. विसरलीस ना?” ती विसरली नव्हती. तिला दिसत नव्हतं.

एका गाठीवर ती थांबली. पुढची गाठ मारायला खाली जमीन लागते, आणि खाली सिमेंट होतं.

दालनाच्या दाराशी पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची जाड वही ठेवली होती. पहिलं पान कोरं होतं. दोरवालीनं पेन मागितलं. इतिहासवाल्यानं स्वतःचं दिलं. वेळ लागला. अक्षरं मोठी आली, ओळ चढावर गेली. खेकडा शेजारी येऊन उभा राहिला.

“काय लिहिलंस? वाच. आता न वाचता अंगठा द्यायचा नाही मी.”

तिनं वाचलं. “‘ही जमीन पडीक नव्हती. ती विसाव्याला होती. मोजणीवाल्यानं साल विचारलं नाही. कुणाची नाही असं सांगणारी मी.’”

खेकड्याची भिवई वर गेली. “ते शेवटचं खोड.”

“का? रोज तर तूच म्हणतोस.”

“रोज म्हणतो ते वेगळं. हे लिहिलंय. पंधरा अंगठे होते, आणि मिरवायला तू एकटी? आम्ही काय गुरं राखायला गेलो होतो? मोठी आली सांगणारी! ‘आम्ही’ लिही.”

दोरवाली त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिला इतका राग आला, की हे त्यानं त्रेचाळीस वर्षं पोटात ठेवलं, तिला रोज जाळत बसला, आणि आज, सगळ्या जगासमोर, कोट घालून सांगतोय! तिनं ‘मी’ इतक्या जोरात खोडला की पान फाटलं.

“‘आम्ही’ला ह्रस्व की दीर्घ?” तिनं दात-ओठ खात विचारलं.

“मला काय विचारतेस? मी शिकलोय का?”

इतिहासवाल्यानं शाईची डबी आणून दिली. खेकड्यानं अंगठा बुडवला आणि तिच्या ओळीखाली दाबला, कितीतरी वेळ, जणू खालपर्यंत पोचायला हवा. मग शाईचा अंगठा इतिहासवाल्याच्या पुढ्यात धरून म्हणाला, “कागद हवा होता ना तुला? हा घे. आणि आता ती पुस्तकं खुर्च्यांवरून उचल.”

इतिहासवाल्यानं साहेबांकडे पाहिलं, मग वहीकडे. मग पहिल्या रांगेकडे गेला आणि वाकून पुस्तकं गोळा करायला लागला.